मनातलं, घरातलं : स्त्रीवादी समुपदेशनाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात स्त्रीवादी समुपदेशनावर एक छोटं टिपण आलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना आमच्या समुपदेशक मंडळींनी इथं उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडक्यात केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : एका केंद्राच्या माहितीपत्रकात ‘स्त्रीवादी पद्धतीनं समुपदेशन’ असं वाचलं. मोठ्या जाऊबाईंचं म्हणणं, तिथं बायकांना घर मोडायला शिकवतात. हे नक्की असतं काय? (वाचक, सांगली)

उत्तर : घर मोडायचं की राखायचं, हे ठरवणं समुपदेशकाचं कामच नाही. दुसऱ्या भेटीतच ‘सोडा त्याला’ म्हणणारा ही पद्धत पाळत नाही आणि ‘जुळवून घ्या’ म्हणणाराही पाळत नाही. दोघंही बाईच्या वतीनं निर्णय घेऊन मोकळे होतात.

ही पद्धत अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस बायकांच्या गटांतून उभी राहिली. या गटांत प्रत्येकीला एकच गोष्ट दिसत गेली : जे आपलं एकटीचं दुखणं वाटत होतं, तेच शेजारचीचंही आहे. त्याच सुमाराला दवाखान्यांत काय चाललं होतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इंगे ब्रोव्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 79 मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ते यांना विचारलं होतं. काहींना निरोगी पुरुषाचं वर्णन करायचं होतं, काहींना निरोगी स्त्रीचं, आणि काहींना नुसतंच निरोगी प्रौढ व्यक्तीचं. निरोगी पुरुष आणि निरोगी व्यक्ती यांची वर्णनं जवळजवळ जुळली. निरोगी स्त्री मात्र जास्त पडखाऊ, कमी स्वतंत्र, चटकन दुखावणारी अशी निघाली. म्हणजे चांगली बाई व्हावं तर निरोगी माणूस होता येत नाही, आणि माणूस व्हावं तर बाईपणात नापास. उपचार करणाऱ्यांच्याच डोक्यात हा पेच असेल, तर समोर बसलेल्या बाईचं काय होणार?

त्यातून तीन गोष्टी ठरल्या. बाईचं दुखणं तिच्या मनाइतकंच तिच्या परिस्थितीतही शोधायचं. समुपदेशक आणि ती यांच्यातलं अंतर शक्य तितकं कमी करायचं. आणि तिच्या अनुभवाला पुरावा मानायचं. तो पटवून देण्याचं ओझं तिच्यावर टाकायचं नाही. बाकीची तंत्रं या तिन्हींतून निघतात.

प्रश्न : वय 41. एकत्र कुटुंब. दोन वर्षं डोकेदुखी, झोप नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल. समुपदेशकाकडे तीन वेळा गेले. श्वासाचे व्यायाम आणि ‘विचार बदला’ एवढंच मिळालं. स्त्रीवादी पद्धतीत वेगळं काय झालं असतं? (वाचक, नाशिक)

उत्तर : श्वासाचे व्यायाम वाईट नाहीत, ते चालू ठेवा. फक्त ‘विचार बदला’ सांगण्याआधी तो विचार आला कुठून, हे विचारायला हवं होतं. या कामाला लिंगभावाच्या भूमिकांचं विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, काम वही-पेनाचं आहे. साधारण तीन ते पाच भेटी लागतात.

पहिल्या भेटीत नुसती वाक्यं लिहायची. लहानपणापासून बाईमाणसानं कसं असावं, याबद्दल जे जे कानावर पडलं ते. ‘दिल्या घरी सुखी राहा.’ ‘पदरी पडलं, पवित्र झालं.’ ‘मुलीच्या जातीला एवढा राग बरा नव्हे.’ कुणीही न उच्चारलेली वाक्यंही लिहायची, कारण ती बघून शिकलेली असतात : आई शेवटी जेवायची, तापातही तिनं कधी सुट्टी घेतली नाही. पंधरा-वीस वाक्यं सहज निघतात. प्रत्येकापुढं दोन गोष्टी मांडायच्या. ते कुणाकडून आलं, आणि त्यातून काय मिळालं, काय गेलं. ‘काय मिळालं’ हा रकाना गाळू नका. नवख्या समुपदेशकाच्या हातून तो हमखास गळतो. सोसणाऱ्या बाईला घरात मान मिळतो, सणावाराला तिचाच शब्द चालतो, आजारपणात सगळे तिलाच हाक मारतात. हे हातचं जाणार असेल, तर बाई आपलं सोसणं का सोडेल? रकाना रिकामा राहिला की पुढचा सगळा आराखडा कागदावरच राहतो.

पुढच्या भेटीत ती वाक्यं आज स्वतःच्या आवाजात कशी ऐकू येतात ते शोधायचं. समजा वाक्य होतं, ‘घरच्यांचं झाल्याशिवाय बाईनं बसू नये.’ आता रात्री साडेदहाला ओटा पुसून झाल्यावरही तुम्ही उभ्याच असता. बसलात की आतून कुणीतरी म्हणतं, ‘उद्याची मटकी भिजत घातली का?’ हा आवाज कुणाचा, हे कळलं की अर्धं काम झालं. मग यातली कोणती वाक्यं ठेवायची, कोणती बदलायची, हे तुम्ही ठरवायचं. सगळी टाकून द्यायची नसतात. एक निवडायचं आणि त्याविरुद्ध आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं पुरेल एवढीच लहान कृती ठरवायची. मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणं झाल्यावर आधी बसायचं, ओटा नंतर. पहिले दोन-तीन आठवडे बरं न वाटता अपराधी वाटतं आणि डोकं जास्त दुखू शकतं. हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर बाई ‘मला हे झेपत नाही’ म्हणून सोडून देते.

याच कामात जुन्या गोष्टींना नवं नाव देण्याचं तंत्र येतं. ‘मी चिडकी झालेय’ याऐवजी ‘पहाटे साडेपाचपासून मला कुणी काही विचारलेलं नाही, याचा मला राग आहे’. चिडकेपणा हा दोष वाटतो. राग म्हटलं की त्याला कारण असतं आणि कारणावर काम करता येतं. मात्र नवं नाव बाईच्या तोंडून यायला हवं. समुपदेशकानं ‘हा पितृसत्तेचा परिणाम आहे’ असं सांगून टाकलं, तर घरातल्या एका वडीलधाऱ्याच्या जागी दुसरा वडीलधारा आला, एवढंच.

एक सूचना : रिपोर्ट नॉर्मल म्हणता, त्यात हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि डोळ्यांचा नंबर तपासला आहे ना? नसेल तर आधी ते करा.

प्रश्न : वय 29, आयटीत नोकरी, पगार नवऱ्यापेक्षा जास्त. थेरपिस्टनं ‘सत्तेचा तक्ता’ भरून आणायला सांगितलाय. मी कमावती, माझ्यावर कसली सत्ता? (वाचक, पुणे)

उत्तर : म्हणूनच भरा. हा तक्ता सगळ्यात जास्त चकवतो तो कमावत्या बायकांना.

डाव्या बाजूला ताकदीचे प्रकार लिहा : पैशाची, कायद्याची, शरीराची, माहितीची, नात्यागोत्यांची. एक ‘वेळेची’ हीही घाला. पुस्तकातल्या तक्त्यांत ती सहसा नसते. समोर तीन रकाने : कागदावर कुणाची, प्रत्यक्षात कोण वापरतं, आणि मी वापरायला गेले तर काय होतं. खरी माहिती तिसऱ्या रकान्यात असते. उदाहरणार्थ, पगाराचं खातं कागदावर तुमचं. नेट बँकिंगचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो? त्यांच्या. मग दोन हजारांच्या चपलेसाठीही ‘ओटीपी सांगा ना’ म्हणावं लागतं आणि त्यामागून ‘परत चपला?’ येतं. पगार कुणाचा जास्त, याला या ओळीत काही अर्थ उरत नाही. असंच फ्लॅटच्या करारावर कुणाचं नाव, कर्जाचा हप्ता कुणाच्या खात्यातून, पासपोर्ट आणि दागिन्यांच्या लॉकरची किल्ली कुठं, माहेरी जायचं तर विचारायचं की सांगायचं, आजारी मुलासाठी रजा कोण टाकतं, हे सगळं लिहा.

‘विचारते’ आणि ‘सांगते’ हे दोन शब्द वेगळे ठेवा. भरताना बायका सवयीनं ‘सांगते’ लिहितात. सेशनमध्ये ‘मागच्या वेळी नेमके कुठले शब्द वापरले?’ असं विचारलं की बहुतेकदा ‘मी जाऊ का?’ निघतं.

तक्ता भरून झाला की त्यातली एकच ओळ बदलायला घ्या, आणि ती कमी जोखमीची असू दे. बँकेतला नंबर बदलायचा झाला तर बदलल्याचा एसएमएस जुन्या नंबरवरही जाऊ शकतो, हे लक्षात घेऊन आधी बोलायचं की नंतर ते ठरवा. आणि तिसऱ्या रकान्यात कुठंही ‘भीती वाटते’ लिहावंसं वाटलं, तर तक्ता घरात ठेवू नका. त्याचा फोटोही सामायिक गूगल खात्यात जाऊ देऊ नका. पुढची भेट फक्त त्या ओळीवर घ्या.

प्रश्न : समुपदेशकानं ‘ठामपणे बोलायला शिका’ सांगितलं. सरावही करून घेतला. घरी तसं बोलले आणि मार बसला. आता दोघांना एकत्र बोलावतायत. जाऊ का? (वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : एकत्र जाऊ नका. मार बसत असताना जोडप्यानं एका खोलीत बसणं धोक्याचं असतं. तुम्ही तिथं जे बोलाल त्याचा हिशेब घरी जाऊन होतो, आणि न बोललात तर समुपदेशकाला सगळं आलबेल दिसतं. यात चूक तुमच्या बोलण्याची नाही. ठामपणाचा सराव देण्याआधी घरात हिंसा आहे का, हे तुम्हाला एकटीला, दार लावून, थेट शब्दांत विचारायला हवं होतं. ‘घरी ताणतणाव आहे का?’ असं विचारलं की सगळ्या हो म्हणतात आणि कळत काहीच नाही. ‘हात उचलतात का? गळा दाबलाय का? मारण्याची धमकी दिलीय का? घराबाहेर काढलंय का? नको असताना शरीरसंबंध होतात का?’ असं विचारावं लागतं. गळा दाबणं ही सगळ्यात गंभीर खूण समजा, एकदाच घडलं असलं आणि वळ उठला नसला तरी. तसं झालं असेल तर आजच सरकारी दवाखान्यात दाखवा आणि काय घडलं ते केसपेपरवर लिहून घ्या.

ठामपणाचं शिक्षण हे या पद्धतीतलं जुनं तंत्र आहे आणि हिंसा नसलेल्या घरात ते चांगलं चालतं. एक छोटं वाक्य घ्यायचं, ‘अहो आई, रविवारी चारपर्यंत मी मोकळी नाही, पाचला येते.’ समुपदेशक सासूबाई होतो, तीन फेऱ्या होतात आणि तिसऱ्या फेरीत त्यानं सगळ्यात बोचरं उत्तर द्यायचं. सुरुवात दुकानदार, रिक्षावाला, लांबची नणंद अशा माणसांपासून. नवरा यादीत शेवटी. पण याचं एक गृहीतक आहे : समोरच्याला तुमचं ‘नाही’ आवडलं नाही तर तो फार तर रुसेल. जिथं तो मारेल, तिथं गप्प बसणं ही तुमची कमजोरी नसते. आजवर जीव वाचवणारी ती युक्ती असते, आणि पर्याय तयार होईपर्यंत ती काढून घ्यायची नसते.

आता तुमच्यासाठी पहिलं काम सुरक्षेच्या आराखड्याचं. भांडण पेटू लागलं की स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये थांबायचं नाही, बाहेरच्या दाराजवळ सरकायचं. शेजारच्या एका विश्वासाच्या बाईला खुणेचा शब्द सांगून ठेवायचा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, नेहमीची औषधं, थोडे पैसे आणि दोन फोन नंबर कागदावर लिहून, ही पिशवी घराबाहेर कुणाकडं तरी ठेवायची. ‘मी चालले’ असं आधी सांगायचं नाही. घर सोडण्याच्या आसपासचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. तातडीला 112, महिला हेल्पलाईन 181.

2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. बाईला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि तुमच्या समुपदेशकाला हेही दाखवा : या कायद्याच्या 2006 च्या नियमांत समुपदेशनाविषयी स्पष्ट लिहिलंय की ‘तिनं असं केलं म्हणून मी मारलं’ असं समर्थन मांडायला मारणाऱ्याला मुभा नाही, आणि ते त्याला बैठक सुरू होण्याआधीच सांगायचं. ‘टाळी एका हातानं वाजत नाही’ हे वाक्य तिथं नियमातच बसत नाही.

पोलीस ठाण्यात बसणारे सामाजिक कार्यकर्ते हे काम रोज करतात. टाटा समाजविज्ञान संस्थेनं 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष आता राज्यभर आहेत. तुमच्या जिल्ह्यातला कक्ष गाठा.

प्रश्न : एम.ए. झालं, नुकतंच काम सुरू केलंय. बरोबरीचं नातं ठेवायचं म्हणतात, पण फी मी घेते, नोंदी मी ठेवते. बरोबरी कसली? आणि स्वतःबद्दल किती सांगावं? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बरोबरी नसतेच, हे मान्य करून सुरुवात करा. बरोबरीचा आव आणणं हे असमानतेपेक्षा वाईट, कारण मग तक्रार करायलाही जागा राहत नाही. तुमच्या हाती असलेली सत्ता उघड्यावर ठेवायची, एवढंच जमण्यासारखं आहे. पहिल्या भेटीतली दहा-पंधरा मिनिटं यालाच द्या : मी कुठल्या पद्धतीनं काम करते, दुसऱ्या कुठल्या पद्धती आहेत, फी किती, भेट चुकली तर काय, नोंदीत काय लिहिते आणि ती तुम्ही कधीही वाचू शकता, पटलं नाही तर कसं सांगायचं, थांबायचं असेल तर कसं थांबायचं. गोपनीयता कुठं संपते तेही आधी : जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि मुलावरचा लैंगिक अत्याचार. पॉक्सो कायद्यानं तो कळवणं बंधनकारक आहे. बाईनं विश्वासानं सगळं सांगितल्यावर हे सांगणं म्हणजे दगा. हे मराठीत, एका पानात लिहून द्या आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. भेटीच्या शेवटी पाच मिनिटं ‘आज माझं काय खटकलं?’ असं विचारा. ‘काही नाही ताई, छान झालं’ असंच उत्तर दोन-तीन महिने येत राहिलं, तर ती तुम्हालाही सांभाळून घेतेय असं समजा. सासरी करते तेच ती इथं करतेय.

स्वतःबद्दल सांगण्याला एक चाळणी लावा. दोन वाक्यांत संपतं का? माझ्या मनात ते शमलेलं आहे का? त्यानंतर बोलणं परत तिच्याकडं जाईल का? तिन्हींना हो असेल तरच सांगा. ‘बाळंतपणानंतर मलाही रडू यायचं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं’ एवढं पुरे. ऐकून तिनं तुमचं सांत्वन सुरू केलं तर तुम्ही जास्त बोललात. आणि तुमची जात, शिक्षण, शहर यांनीही सत्ता बनते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ सांगण्याआधी तिचा दिवस किती वाजता सुरू होतो ते विचारा. अनुभवी व्यक्तीची देखरेख पहिली काही वर्षं तरी सोडू नका.

प्रश्न : पुरुषाला अशा समुपदेशकाकडं जाता येतं का? (वाचक, ठाणे, वय 38)

उत्तर : येतं. तुमची वाक्यं वेगळी असतील, ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस?’ किंवा ‘घर तुझ्या जिवावर चालतं’, पण वही तीच. पुरुषांच्या बाबतीत भावनांना नावं देण्यावर जास्त वेळ जातो, कारण राग आणि टेन्शन या दोन शब्दांतच सगळं कोंबलेलं असतं. घरात हात उचलत असाल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. त्यावरचं काम वेगळं आणि जास्त कडक असतं.

प्रश्न : ही पद्धत गोळ्यांच्या विरोधात आहे का? (वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. घरचं दुःख गोळीनं दाबून टाकायला विरोध आहे, नैराश्याच्या उपचाराला नाही. झोप, भूक आणि रोजची कामं दोन आठवड्यांहून जास्त कोलमडली असतील, मरणाचे विचार येत असतील किंवा बाळंतपणानंतर भास होत असतील, तर मनोविकारतज्ज्ञाकडं जायलाच हवं. भास आणि मरणाच्या विचारांना तर दोन आठवडेही थांबायचं नाही. चालू गोळ्या समुपदेशकाच्या सांगण्यावरून बंद करू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : आमच्या बचत गटात दहा जणी आहोत. समुपदेशक परवडत नाही. आमचं आम्ही काही करू शकतो का? (वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : करू शकता. या पद्धतीचा जन्मच अशा गटांत झाला. बचतीची बैठक आणि ही बैठक एकाच दिवशी ठेवू नका. हप्ता थकलेली बाई तोंड उघडणार नाही. सहा ते दहा जणी, पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास. एका वेळी एकच विषय आणि तो अगदी ठोस : ‘घरात मी कधी जेवते’, ‘पाळी’, ‘माझ्या नावावर काय आहे’. प्रत्येकीला सात मिनिटं. मोबाईलवर गजर लावा, नाहीतर बोलक्या तिघीच बोलतात. एकीचं चाललंय तोवर दुसरीनं प्रश्न विचारायचा नाही आणि ‘अगं, तू असं कर’ तर मुळीच म्हणायचं नाही. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड जातो. फेरी पूर्ण झाली की मग एकच प्रश्न सगळ्यांनी मिळून घ्यायचा : यात सगळ्यांच्या बोलण्यात सारखं काय आलं?

सारखं आलेल्यांपैकी एखादी गोष्ट मिळून बदलता येते. दहापैकी आठ जणींच्या नावावर घर नसेल, तर घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर आपलंही नाव लावण्यासाठी सगळ्यांनी एकाच दिवशी ग्रामपंचायतीत अर्ज नेता येतात. एकटीनं नेला की ‘हिला कुणी फितवलं?’ होतं. पण अर्ज न नेणाऱ्या दोघींना टोमणे मारायचे नाहीत. त्यांच्या घरचा धोका त्यांनाच ठाऊक.

गट मोडतो तो बहुधा दोन कारणांनी. आतलं बाहेर जातं, किंवा एकीच्या घरची मारहाण कळते आणि सगळ्या मिळून नवऱ्याला जाब विचारायला जातात. त्या रात्री ती घरी एकटी असते. म्हणून तिला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, आणि संरक्षण अधिकारी, अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि जवळच्या विशेष कक्षाचा नंबर पहिल्या बैठकीतच प्रत्येकीनं पाठ करायचा. मोबाईलमध्ये साठवायचा झाला तर ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ अशा नावानं.